गिरणीचा पट्टा घड्याळात : ‘मोनॅको व्ही४’ची पार्श्वभूमी

टॅग ह्यूअर या स्विस कंपनीचे ‘मोनॅको व्ही४’ हे मनगटी घड्याळ हातात आले की आधी ते पालथे करून बघावेसे वाटते. मागच्या काचेतून टंगस्टनची इवलीशी वीट दिसते. मनगट हलले की ती स्प्रिंगपेट्यांच्या (घड्याळ चालवणाऱ्या स्प्रिंगच्या डब्या) दोन जोड्यांमधून वर-खाली सरकते आणि स्प्रिंगना चावी बसते. आपोआप चावी बसणाऱ्या (ऑटोमॅटिक) घड्याळांत एरवी असणारा रोटर, म्हणजे गोल फिरणारे वजन, इथे नाहीच. २००९ मध्ये प्लॅटिनमच्या केसमध्ये (बाहेरच्या कवचात) अशी फक्त १५० घड्याळे निघाली. सगळ्यांची नजर त्या विटेवर खिळली, पण सरळ सरकणारे वजन ही जुनीच कल्पना होती.

मनगटी ऑटोमॅटिक बाजारात आणणाऱ्या इंग्रज घड्याळजीने १९२० च्या दशकात चावीच (बाजूचे फिरवायचे बटण) काढून टाकली होती, कारण चावीच्या भोकातून धूळ आत जायची. वेळ लावायची ती काचेभोवतीची कडी फिरवून. त्याचे वजन पूर्ण फेरा घेत नसे. दोन्ही टोकांना स्प्रिंगवर आपटून माघारी येई. १९३० मध्ये एका लांबट घड्याळात तर सगळी मशीनच छऱ्यांवर मागे-पुढे सरकू लागली. पुढच्याच वर्षी पूर्ण वर्तुळात फिरणारा रोटर आला आणि बाकीचे मार्ग मागे पडले. सरळ सरकणाऱ्या वजनाला प्रत्येक खेपेला टोकाशी थांबावे लागते आणि त्याला जागाही लांबट लागते. गोल फिरणाऱ्याला टोकच नसते.

मूळ ‘मोनॅको’ ३ मार्च १९६९ ला जाहीर झाले : चौकोनी, पाण्याला दाद न देणारी केस आणि आत ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ (स्टॉपवॉचसह घड्याळ). जानेवारीत दुसऱ्या एका स्विस कंपनीने असाच क्रोनोग्राफ जाहीर केला होता, जपानी कंपनीही त्याच वर्षी बाजारात उतरली, त्यामुळे ‘पहिला कोण’ हा वाद अजून संपलेला नाही. मला त्यातले एकच महत्त्वाचे वाटते. ‘मोनॅको’चा रोटर छोटा होता आणि मशीनच्या अंगातच बसवलेला होता, म्हणून स्टॉपवॉचच्या यंत्रणेला जागा मिळाली. चावी डाव्या बाजूला होती. रोज चावी द्यायची गरज नाही, याचीच ती खूण मानली गेली. म्हणजे व्ही४ने याच घड्याळाची चौकोनी केस घेतली, ती केवळ देखणेपणासाठी नाही. चावी भरण्याची रीत बदलून पाहणे या नावाला नवीन नव्हते.

खरा वाद २००४ चा. बासेलच्या घड्याळ प्रदर्शनात व्ही४ मांडले गेले, पण ते विकण्याजोगे चालत नव्हते. कंपनीने त्याला ‘कन्सेप्ट’ म्हटले. मोटारींच्या प्रदर्शनात हा शब्द खपून जातो, कारण ती गाडी उद्या शोरूममध्ये येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असते. घड्याळांच्या प्रदर्शनात काचेमागे असते ते विकायला तयार, असाच रिवाज होता. त्यामुळे फसवणुकीची कुजबुज झाली. हे कधी चालणारच नाही, असेही जाणकार बोलू लागले.

ती शंका गैर नव्हती. पिठाच्या गिरणीत मोटरवरून जात्याकडे जाणारा पट्टा आठवा. व्ही४मध्ये स्प्रिंगचा जोर पुढे नेण्याचे तसेच काम पितळी चक्रांऐवजी दातेरी बेल्टकडे होते आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. तो जरा घट्ट बसला तर स्प्रिंगचा तुटपुंजा जोर घर्षणातच संपतो. सैल राहिला तर दाता सुटतो आणि वेळ चुकते. त्यात प्लास्टिकसारखा पदार्थ तापमानाबरोबर बदलतो. पितळी चक्रांच्या बाबतीत शतकांचा अनुभव गाठीशी होता. या बेल्टसाठी साचे आणि चाचण्या, सगळेच नव्याने उभारावे लागले. यात पाच वर्षे गेली.

तरीही अर्धवट घड्याळ लोकांपुढे ठेवण्याचा तो निर्णय मला बरोबर वाटतो. चारचौघांत शब्द दिला नसता, तर हा प्रयोग एखाद्या कपाटात पडून राहिला असता. शेवटी १५० च घड्याळे निघाली, यालाही मी नुसता दुर्मीळपणाचा व्यापार म्हणणार नाही. इतके नाजूक बेल्ट हाताने जुळवायचे, तर संख्या आपोआप मर्यादित राहते.

२०११ मध्ये आणखी एका स्विस कंपनीने सरळ सरकणारे वजन वापरले. २०१४ मध्ये व्ही४च्याच चौकोनी केसमध्ये तुरबियाँ (घड्याळाची गती राखणारा भाग फिरत्या पिंजऱ्यात ठेवणारी रचना) आला. त्याचा पिंजराही बेल्टनेच फिरतो आणि मागे ती वीट तशीच वर-खाली सरकत असते.