पंधरापट वाढलेला कॅन्सर, न वाढलेले मृत्यू
दक्षिण कोरियात १९९३ ते २०११ या काळात थायरॉइडच्या कॅन्सरचे निदान सुमारे पंधरापट वाढले, आणि त्यावरून किरणोत्सर्ग किंवा बदललेला आहार यांमुळे हा आजारच फोफावला असा समज पसरला. हा समज त्या आकड्यावर टिकत नाही, कारण त्याच काळात या कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण जवळपास होते तिथेच राहिले. आजार खरोखर इतका वाढला असता, तर मृत्यूंच्या नोंदीत त्याची काहीतरी खूण उमटायला हवी होती.

घडले ते असे. १९९९ मध्ये तिथल्या सरकारने काही कॅन्सरसाठी तपासणी मोहीम सुरू केली. थायरॉइड त्यात नव्हता. पण रुग्णालये थोडे जादा पैसे घेऊन गळ्याची सोनोग्राफी करून देऊ लागली. गळ्याला जेल लावून यंत्र फिरवले की काही मिलिमीटरची गाठही पडद्यावर दिसते, आणि कॅन्सरच्या अशा सूक्ष्म गाठी आयुष्यभर त्रास न देता अनेक निरोगी माणसांत असतात. गाठ सापडलेल्या बहुतेकांवर मात्र शस्त्रक्रिया झाली. ग्रंथी काढल्यावर अनेकांच्या नशिबी रोजची गोळी आली, काहींचा आवाज कायमचा बिघडला. मला या साऱ्यात हीच बाब सर्वाधिक अस्वस्थ करते.

२०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी अशा सरसकट तपासणीविरुद्ध जाहीर भूमिका घेतली, आणि त्यानंतर वर्षभरातच शस्त्रक्रियांची संख्या झपाट्याने उतरली. हवा, पाणी आणि अन्न एका वर्षात बदललेले नव्हते.