मॉरिशसला जोडीने पहिल्यांदा जाताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हॉटेल किती स्टार आहे, हा प्रश्न आम्हाला सगळे विचारतात. हॉटेल बेटाच्या कोणत्या बाजूला आहे, हे फारसं कोणी विचारत नाही. सहल चांगली होणार की नाही, हे बरंचसं या दुसऱ्या प्रश्नावर ठरतं. म्हणून बुकिंग पक्कं करण्याआधी हे पत्रक दोघांनीही वाचा. एकाने वाचून दुसऱ्याला सांगितलं की निम्मं गळतं.

आधी बेट समजून घ्या

मॉरिशस म्हणजे समुद्राच्या तळातून वर आलेला ज्वालामुखी. लांबी साधारण 65 किलोमीटर, रुंदी 45. मधोमध पठार आहे, त्याच्याभोवती झिजलेल्या डोंगरांचं तुटकं कडं, खाली उसाचा पट्टा आणि मग किनारा. किनाऱ्यापासून थोडं आत समुद्रात प्रवाळाची भिंत आहे. भिंतीच्या आतलं पाणी तलावासारखं शांत असतं आणि लाटा बाहेर फुटतात. हॉटेलच्या गॅलरीतून दूरवर जी पांढरी रेघ दिसते, ती हीच. वाळू पांढरी असते कारण ती प्रवाळाचा चुरा आहे. ज्वालामुखीचा दगड काळाच असतो आणि तो त्याच वाळूतून डोकं वर काढून बसलेला दिसतो.

तो दगड बघून ‘हा तर आपल्या घाटातला!’ असं वाटलं तर ते अगदीच चूक नाही. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मांडणीनुसार, पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त स्रोतातून सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनचा कातळ वाहिला, त्याच स्रोतावर पुढे मॉरिशस तयार झालं. आज तो स्रोत शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी जागा आहे. मॉरिशसचा झोपून हजारो वर्षं झाली. ‘लाव्हा दिसेल का?’ याचं उत्तर आताच देऊन ठेवतो: नाही.

कोणत्या महिन्यात, कोणत्या किनाऱ्यावर

तिथले ऋतू आपल्या उलटे. मे ते ऑक्टोबर हिवाळा, नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा आणि पाऊस. वारा जवळजवळ वर्षभर आग्नेयेकडून येतो. तो आधी पूर्व किनाऱ्यावर आदळतो, मग पठारावर चढून ढग सोडतो. पलीकडे पश्चिमेला पोचेपर्यंत तो कोरडा झालेला असतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेचा हा धडा शाळेत सगळ्यांनी गिरवलेला आहे, इथे फक्त दिशा उलट.

मेमध्ये लग्न आणि जून-जुलैत सहल असेल तर पश्चिम किनारा (फ्लिक आं फ्लाक, तामारें) किंवा उत्तर (ग्रां बे, त्रू ओ बिश) घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये पूर्वेचं बेल मार फोटोत कितीही सुंदर दिसलं तरी वाऱ्याने वाळू अंगावर येते आणि संध्याकाळी स्वेटर लागतो. पाणीही गार असतं, 23 अंशांच्या आसपास. जूनमध्ये सूर्य पावणेसहालाच मावळतो, त्यामुळे दिवसाचा कार्यक्रम सकाळी लवकर सुरू करावा लागतो.

दिवाळीच्या सुमारास म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुठलाही किनारा चालतो. आमच्या मते हाच सगळ्यात चांगला काळ. उन्हाळ्यात तर पूर्वेचा वारा हवाहवासा वाटतो.

जानेवारी ते मार्च हा चक्रीवादळांचा मुख्य काळ. प्रत्येक सहलीत वादळ येतं असं नाही, पण आलं तर काय होतं ते माहीत असावं. तिथे इशारे 1 ते 4 अशा वर्गांत देतात. 3 लागला की बस बंद होतात, दुकानं मिटतात आणि हॉटेल तुम्हाला बाहेर सोडत नाही. विमानंही रद्द होऊ शकतात. विमा घेताना ‘वादळामुळे वाढलेल्या मुक्कामाचा खर्च’ हे कलम पॉलिसीत आहे का, ते वाचा. नुसता वैद्यकीय विमा इथे उपयोगी पडत नाही.

कागदपत्रं: चुका इथेच होतात

भारतीय पासपोर्टवर पर्यटकांना व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो आणि त्याला शुल्क नाही. परतीचं तिकीट, सगळ्या रात्रींचं हॉटेल बुकिंग आणि खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा मागू शकतात. या तिन्ही कागदांची छापील प्रत जवळ ठेवा, कारण रांगेत उभं असताना मोबाइलला रेंज असेलच असं नाही. निघण्याआधी मॉरिशस सरकारचा ऑनलाइन प्रवास फॉर्म भरून क्यूआर कोड घ्यायचा. तो प्रत्येकाचा वेगळा.

नव्या जोडप्यांची नेहमीची चूक नावाची. पासपोर्ट माहेरच्या नावाने, तिकीट सासरच्या नावाने. लग्नपत्रिका दाखवून विमान कंपनी ऐकत नाही. पासपोर्टवर जे नाव, तेच तिकिटावर आणि हॉटेलच्या बुकिंगवर. नाव बदलायचं असेल तर परत आल्यावर निवांत बदला.

दुसरी चूक दागिन्यांची. लग्नाचं सोनं अंगावर घालून जाणार असाल तर निघताना मुंबई विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, नाहीतर येताना ते इथूनच नेलं होतं हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल. खरं तर मोठे दागिने घरीच ठेवा. साधं मंगळसूत्र आणि अंगठीसुद्धा समुद्रात उतरताना खोलीतल्या तिजोरीत ठेवावी. गार पाण्यात बोटं आकसतात, त्यात सनस्क्रीनचा तेलकटपणा. अंगठी निसटल्याचं कळतं तेव्हा ती वाळूत गेलेली असते.

औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. ई-सिगारेट नेऊ नका, बंदी आहे. फळं, बिया, रोपं आणि घरच्या बागेतली पानं बॅगेत नकोत. आईने दिलेले लाडू-चिवडा चालतात, फक्त नीट पॅक केलेले असावेत.

पैसे

मॉरिशसचा रुपया आपल्या रुपयापेक्षा महाग आहे. खिशातल्या नोटेवर ‘रुपये’ लिहिलेलं पाहून हात सैल सुटतो. हे पहिल्या दोन दिवसांत जपा. भारतातून युरो किंवा डॉलर न्या, थोडे विमानतळावर बदला, बाकीचे शहरात. फेब्रुवारी 2024 पासून तिथे यूपीआय आणि रुपे सुरू झालं आहे, पण सगळ्या दुकानांत नाही. टपरीवर तर रोखच. टॅक्सीत मीटरचा भरवसा धरू नका, बसण्याआधी भाडं ठरवा. आणि ते एकेरी की जाऊन-येऊन, हेही. प्लगसाठी ब्रिटिश पद्धतीचा चौकोनी तीन पिनांचा ॲडॉप्टर न्या.

पठाराचा दिवस

बेटाचा ज्वालामुखी जवळून दिसतो तो क्युरपिप गावात, त्रू ओ सेर्फ इथे. हे विवर सुमारे 300 मीटर रुंद आहे. काठाने गोल रस्ता आहे, आत उताराला दाट झाडी आणि तळाशी डबकं. खाली उतरायची गरज नाही, काठावरून एक फेरी मारा. सकाळी हवा स्वच्छ असेल तर तिथून आजूबाजूचे सुळके ओळीने दिसतात. दुपारी जाल तर बहुधा धुकं दिसेल. क्युरपिप किनाऱ्यापेक्षा चार-पाच अंशांनी गार असतं आणि पाऊस न सांगता येतो. महाबळेश्वरला जाताना जसं जर्किन घेता तसं घ्या, बीचच्या कपड्यांत जाऊ नका.

नावांचा घोळ टाळा. त्रू ओ सेर्फ हे विवर, तर इल ओ सेर्फ हे पूर्वेचं लहान बेट, जिथे स्पीडबोटीने जातात. दोन्हींत सेर्फ म्हणजे हरणं. ड्रायव्हरला सांगताना पूर्ण नाव सांगा.

तिथून गंगा तलाव. हेही ज्वालामुखीचंच विवर, पाण्याने भरलेलं. रस्त्यालगत शंकराची 33 मीटर उंच मूर्ती उभी आहे. पूर्ण कपडे घाला आणि प्रसादाची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, माकडं नेतात. महाशिवरात्रीच्या आठवड्यात इथे बेटभरातून पायी यात्रेकरू येतात आणि सगळे रस्ते भरतात. त्या दिवसांत हा कार्यक्रम आम्ही लावत नाही.

मग ब्लॅक रिव्हर गॉर्जेस या दऱ्यांचा कडा आणि शामारेल. शामारेलच्या सप्तरंगी मातीबद्दल आधीच सांगतो: जागा लहान आहे, कुंपणाबाहेरून बघायची आणि वीस मिनिटांत बघून होते. फोटोंमुळे अपेक्षा फार वाढलेली असते. पण काय बघतोय ते कळलं तर मजा येते. काळा कातळ लाखो वर्षं ऊन-पावसात कुजला, त्यातली वाळूसारखी सिलिका वाहून गेली आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरली. लाल, तपकिरी, जांभळट छटा त्यांच्या. कोकणातल्या जांभ्याची गोष्ट हीच. तिरप्या उन्हात रंग खुलतात, भर दुपारी सगळं फिकट दिसतं. म्हणून हॉटेल पश्चिमेला असेल तर सकाळी दार उघडताच आधी शामारेल करा आणि मग पठारावर चढा. हॉटेल उत्तरेला असेल तर क्युरपिप वाटेवरच लागतं, तेव्हा उलटा क्रम. दोन्ही गोष्टी सर्वोत्तम वेळी बघायला मिळत नाहीत, एक निवडावी लागते.

समुद्र

पायात रबरी तळव्याचे पाण्यातले बूट हवेतच. उथळ पाण्यात समुद्री साळूचे काटे असतात आणि दगडासारखा दिसणारा स्टोनफिश असतो. तळात दगड दिसला तर त्यावर पाय देऊ नका. काट्याने भयंकर कळ आली तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा आणि तसंच इस्पितळ गाठा. बर्फ लावू नका. गरम पाण्याने विषाचा जोर कमी होतो.

प्रवाळाची भिंत सलग नाही. जिथे नदी समुद्राला मिळते तिथे गोड्या आणि गढूळ पाण्यात प्रवाळ वाढत नाही, भिंतीला खिंड पडते. लगूनमधलं, म्हणजे भिंतीच्या आतलं, पाणी ओहोटीला त्या खिंडीतून जोराने बाहेर जातं. अशा जागी चांगला पोहणाराही ओढला जातो. दक्षिणेला ग्री ग्री इथे तर भिंतच नाही, लाटा थेट कड्यावर येतात. तिथे उभं राहून बघायचं, पाण्यात उतरायचं नाही. पाटी आहे, तरी लोक उतरतात.

स्नॉर्केलिंगसाठी ब्लू बे चांगलं. प्रवाळावर उभं राहू नका. शंख-प्रवाळ आणि वाळू घरी आणायची नाही, तो गुन्हा आहे. उत्तरेच्या बेटांकडे जाणारी कॅटामरान (जोड-तळाची बोट) भिंतीबाहेर गेली की हलते. गाडी लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही.

स्कूबा करणार असाल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करा. शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तास विमानात बसता येत नाही. परतीच्या आदल्या दिवशी कोणी स्वस्तात देऊ केलं तरी नाही म्हणा.

खाणं

शाकाहारी लोकांची उपासमार होत नाही. रस्त्यावरची दाल पुरी आपल्या पुरणपोळीची तिखटमिठाची बहीण: पातळ पोळी, आत गुळाशिवाय वाटलेली पिवळी डाळ, वरून उसळीसारखी भाजी, टोमॅटोचा रस्सा (रुगाय) आणि लोणचं. ती जोडीनेच विकतात. ‘एन पेर’ म्हणजे एक जोडी. मिरची वेगळी सांगा, ती आपल्याला वाटते त्यापेक्षा तिखट असते. गातो पिमां म्हणजे डाळवडे. जैन जेवण हवं असेल तर आम्हाला बुकिंगच्या वेळीच कळवा, तिथे पोचल्यावर सांगून जमत नाही. रात्रीच्या जेवणाला अनेक रिसॉर्टमध्ये पुरुषांना लांब पँट आणि बंद बूट लागतात. बर्म्युडावर परत पाठवतात.

एक दुपार राजधानी पोर्ट लुईला

बंदरालगतच्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या बघाच. 1834 पासून करारावर आणलेले मजूर इथून चढून बेटावर आले. 2006 पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. त्या मजुरांत कोकणातली माणसंही होती. त्यांच्या वंशजांमुळे आजही गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, शाळांत मराठी शिकवतात आणि जाखडी नाचतात. उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतील. शेत मोकळं करताना मजुरांनी हाताने उचलून रचलेले आहेत ते. रविवारी घाट बंद असतो आणि शहरही मिटलेलं असतं, म्हणून कामकाजाचा दिवस धरा.

आम्हाला काय पाठवायचं

निघण्याच्या आठ दिवस आधी दोघांच्या पासपोर्टची पहिली आणि शेवटची पानं, विम्याची प्रत, खाण्याची पथ्यं आणि कोणाला पोहता येतं कोणाला नाही, हे कळवा. पासपोर्टची मुदत परतीनंतर किमान सहा महिने असावी. टीसीएस (परदेशी सहलीच्या रकमेवर आधीच घेतला जाणारा कर) ज्याच्या पॅनवर कापला जातो त्यालाच विवरणपत्रात वजावट मिळते, म्हणून पैसे कोण भरणार ते आधी ठरवा. तिथले नंबर फोनमध्ये साठवून घ्या: पोलीस 112, रुग्णवाहिका 114, अग्निशमन 115. मॉरिशसची वेळ आपल्या दीड तास मागे आहे. रात्री अकराला फोन केलात तर इथे साडेबारा वाजलेले असतात. अडचण असेल तर तरीही करा.