साखर उतरताना : स्त्री-पुरुषांच्या संप्रेरक-प्रतिसादातील फरक

रक्तातील ग्लुकोज, म्हणजे साखर, घसरू लागले की ते सावरण्यासाठी शरीर काही संप्रेरके (हार्मोन्स) सोडते. निरोगी तरुण स्त्रियांत ॲड्रेनलिन, ग्लुकागॉन आणि वृद्धी संप्रेरक यांची ही उसळी तेवढ्याच ग्लुकोजला पुरुषांपेक्षा लहान असते. या घसरणीचे वैद्यकीय नाव हायपोग्लायसेमिया. पुण्यातल्या दवाखान्यांत ‘शुगर लो झाली’ एवढ्यावर भागते.

बचाव टप्प्याटप्प्याने चालतो. ग्लुकोज डेसिलिटरला ८० ते ८५ मिलिग्रॅमवर आले की स्वादुपिंड साखर उतरवणाऱ्या इन्सुलिनचा हात आखडता घेते. ७० ते ६५ च्या दरम्यान ग्लुकागॉन व ॲड्रेनलिन वाढतात आणि यकृत ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, मोडून साखर रक्तात सोडते. वृद्धी संप्रेरक आणि कॉर्टिसॉल यांचा उपयोग सावकाश, काही तासांनी दिसतो. ५५ च्या आसपास हात कापतात, दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते, पोटात आग पडते. त्याहून खाली गेले की जीभ अडखळते आणि साधी बेरीजही जुळत नाही.

हा फरक मोजला गेला तो ‘क्लॅम्प’ पद्धतीने. स्वयंसेवकाच्या एका हाताच्या शिरेतून इन्सुलिन आणि ग्लुकोज दोन्ही सोडतात. दुसरा हात उबदार पेटीत ठेवून त्यातून दर पाच मिनिटांनी रक्त काढतात आणि ग्लुकोजचा वेग कमीजास्त करून पातळी ठरलेल्या आकड्यावर, समजा ५० वर, धरून ठेवतात. साखर सर्वांची सारखी, म्हणून संप्रेरकांत जो फरक दिसेल तो शरीराचाच. १९९० च्या दशकात अशा प्रयोगांतून स्त्रियांचा प्रतिसाद ठेंगणा असल्याचे पुन्हा पुन्हा दिसले. यकृतातून येणारी साखरही कमी भरली. लक्षणांत मात्र तेवढी तफावत आढळली नाही. म्हणून ‘बायकांना कळतच नाही’ असा अर्थ यातून काढणे चूक आहे.

कारणांत इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे नाव सर्वांत पुढे आहे. पाळी थांबलेल्या आणि इस्ट्रोजेन न घेणाऱ्या स्त्रियांचा प्रतिसाद पुरुषांच्या जवळ जातो; गोळ्यांतून इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत तो पुन्हा खाली राहतो.

या विषयातली सर्वांत लक्ष देण्याजोगी गोष्ट दुसऱ्या दिवशी दिसते. आदल्या दिवशी साखर घसरलेली असेल, तर पुढच्या घसरणीला शरीर कमी जोराने उत्तर देते. हे बोथटपण पुरुषांत बरेच जास्त, स्त्रियांत कमी. म्हणजे पुरुषाची उसळी उंच असली तरी लवकर खचते. स्त्रीची बेताची असली तरी टिकते, आणि दोघांमधले अंतर मिटत जाते. प्रतिसाद कमी असूनही टाइप १ मधुमेह (ज्यात शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ बनवत नाही) असलेल्या स्त्रियांना बेशुद्धीपर्यंत नेणारे झटके पुरुषांपेक्षा फार जास्त येत नाहीत, त्याचे एक स्पष्टीकरण इथे मिळते. या रुग्णांत ग्लुकागॉनचा प्रतिसाद पहिल्या काही वर्षांतच मावळतो आणि सगळी भिस्त ॲड्रेनलिनवर येते, म्हणून त्यांच्यासाठी हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही.

उपवासातही हाच फरक दिसतो. मेरिमी आणि टायसन या संशोधकांनी १९७४ मध्ये दाखवले की ७२ तासांच्या लंघनात निरोगी पुरुषांची साखर साधारण ५० च्या वर थांबते, तर तरुण स्त्रियांची त्याखाली उतरते आणि तरी त्यांना त्रास होत नाही. त्यांचे शरीर चरबी लवकर वापरायला काढते आणि मेंदूला चरबीपासून बनणाऱ्या कीटोनांचे इंधन मिळते. पुण्यात हरतालिकेला निर्जळी राहून संध्याकाळी उद्याच्या मोदकांसाठी नारळ खवत बसलेल्या बाईची साखर नवऱ्यापेक्षा खाली असली, तर तो तिचा अशक्तपणा नव्हे. म्हणूनच अशा स्त्रीचा नुसता कमी आकडा पाहून आजाराचे निदान करत नाहीत. कमी साखर, तिची लक्षणे आणि साखर दिल्यावर आराम, ही व्हिपलची त्रयी जुळावी लागते.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा शरीरातले इन्सुलिन वाढवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर हे सगळे गणित बदलते, कारण औषध उपवास ओळखत नाही. ज्ञानोबांची पालखी पुण्याहून सासवडला निघते, ती वाट सुमारे ३० किलोमीटरची, मध्ये दिवे घाटाची चढण, आणि तिथी बहुधा एकादशीची. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणारी मधुमेही वारकरी स्त्री नेहमीचा डोस घेऊन निघाली, तर स्नायू साखर ओढतात, औषध ती दाबते आणि वर ताटात वरीचे तांदूळही नसतात. डोस किती कमी करायचा हे निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून ठरवायचे असते.

वरची बहुतेक मापे अमेरिका-युरोपातल्या स्वयंसेवकांची आहेत. ती इथे तशीच्या तशी लावताना सावध राहावे, हे पुण्यातूनच जगाला सांगितले गेले आहे. रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा देहभार निर्देशांक (बीएमआय, उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. साखरेच्या आकड्यालाही मी हाच न्याय लावीन : तो कोणाच्या रक्तातला आहे हे आधी विचारावे.

उपचारात मात्र स्त्री-पुरुष असा भेद नाही. शुद्धीवर असलेल्या मधुमेही माणसाची साखर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज, किंवा तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी आणि अजून कमी असेल तर तेवढीच परत द्यावी. पर्समधला पेढा किंवा बाकरवडी या वेळी कामाची नाही; तूप-तेलामुळे साखर रक्तात उतरायला उशीर लागतो. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नये. अशा वेळी ग्लुकागॉनचे इंजेक्शन किंवा शिरेतून ग्लुकोज लागते.