‘शंभर टक्के कार्नोबा’ म्हणजे सर्वोत्तम चकाकी नव्हे

मोटारीच्या मेणाच्या डबीवर ‘शंभर टक्के कार्नोबा’ असे छापलेले असले की चकाकी सर्वांत खोल आणि टिकाऊ मिळणार, हा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो खरा नाही. ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळणारे कार्नोबा हे मेण इतके कठीण असते की ते सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते, आणि शुद्ध स्वरूपातील त्याचे तुकडे बोटाने दाबल्यास तुटतात, पण पसरत नाहीत. म्हणूनच ते पत्र्यावर लावता यावे यासाठी त्यात द्रावके, तेले आणि मऊ मेणे मिसळावीच लागतात.

शिवाय खोल चकाकीचे मूळ मेणात नसून रंगावरच्या क्लिअर कोटच्या, म्हणजे पारदर्शक थराच्या, गुळगुळीतपणात असते. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे जे बारीक ओरखडे दिसतात, ते प्रकाश विखुरतात आणि गडद रंग फिकट भासू लागतो. मेण ते काही काळ झाकते, काढते मात्र पृष्ठभाग बारीक घासून सपाट करणारे पॉलिशच. हा फरक सांगितल्याविना महागडी डबी विकणे मला गैर वाटते.

टिकाऊपणाच हवा असेल, तर कृत्रिम पॉलिमरचे सीलंट, म्हणजे रंगावर संरक्षक थर देणारे द्रव्य, घ्यावे. कार्नोबा साधारणपणे काही आठवडे टिकते, तर चांगले सीलंट काही महिने. जाड थरानेही काही साधत नाही, कारण जादा मेण शेवटी पुसूनच टाकावे लागते. गाडी धुऊन, सावलीत, थंड पत्र्यावर पातळ थर द्यावा.