फॉरेस्ट स्कूल आणि फॉरेस्ट किंडरगार्टन, एकच नाही हो

फोटो दोन्हीचे सेम, चिखलात लोळलेली चार-पाच वर्षांची पोरं, गमबूट, मागे झाडी, त्यामुळे लोक बिनधास्त एकाच्या जागी दुसरं नाव ठोकून देतात. पण यातली फॉरेस्ट स्कूल मुळात शाळाच नाहीये! पोरांची रोजची शाळा किंवा नर्सरी वेगळी, तिथून ती आठवड्यातून एकदा, फार तर पंधरा दिवसांनी, ट्रेनिंग घेतलेल्या लीडरबरोबर झाडीत जातात, जागा तीच, टोळी तीच, असं महिनोन्‌महिने. एकदाच नेऊन पानं गोळा करून आणली तर ती सहल झाली.

किंडरगार्टन म्हणजे मात्र रोजची बालवाडीच, फक्त बिल्डिंग नाही. सकाळी पोराला जंगलाच्या कडेला सोडायचं, डबा तिथेच, शू तिथेच, पाऊस आला तर रेनकोट चढवायचा. आडोशाला बहुतेक वेळा चाकांवरची एक लाकडी गाडी असते. जोराचा वारा सुटला की मात्र झाडीत जायचं नाही, फांद्या पडतात, थंडी-पावसापेक्षा धास्ती त्याचीच जास्त.

गोंधळ होतो कारण मूळ एकच. डेन्मार्कमध्ये 1950 च्या दशकात अशा बालवाड्या सुरू झाल्या, जर्मनीत फ्लेन्सबुर्गच्या बालवाडीला 1993 मध्ये सरकारी मान्यता मिळाली आणि त्याच सुमारास इंग्लंडातल्या ब्रिजवॉटर कॉलेजची मंडळी डेन्मार्कला जाऊन हे सगळं बघून आली आणि घरी येऊन त्यांनी जे सुरू केलं ती फॉरेस्ट स्कूल.

वेळ मोजका असल्यामुळे असेल, पण फॉरेस्ट स्कूलमध्ये हत्यारं आणि शेकोटी यांची शिस्त फार बारकाईने लावतात. लहानग्यांच्या हातात आधी चाकू नाही, बटाटे सोलायचं सोलाणं येतं, त्याने ओल्या काठीची साल काढायची, अंगापासून लांब. हातमोजा काठी धरलेल्या हातात, सोलाण्याच्या हातात नाही, कारण मोज्यात पकड सुटते (मला आधी उलटंच वाटलं होतं). शेकोटीभोवती ओंडके गोल मांडलेले, आणि जागा बदलायची तर आतून पळायचं नाही, ओंडक्यांच्या मागून फिरून यायचं.

किंडरगार्टनमध्येही काठ्या तासतात, पण तिथे दिवसाचा मोठा भाग नुसता खेळच, एक मुंगळा बघत तासभर बसलं तरी चालतं, उद्या परत इथेच यायचंय ना.

त्यामुळे जाहिरातीत नाव काहीही असो, आपण एकच विचारायचं, बाकीचे दिवस पोरं कुठे असतात?