डंबलडोर यांचा फॉक्स: एकाकी फिनिक्स सोबती कसा झाला

२६ जून १९९७ रोजी प्रकाशित झालेल्या हॅरी पॉटर मालिकेच्या पहिल्याच कादंबरीत फॉक्स हा फिनिक्स पक्षी आहे, मात्र तो तिथे डोळ्यांना दिसत नाही. जादूच्या छड्या बनवणारे ऑलिव्हँडर अकरा वर्षांच्या हॅरीच्या हाती हॉलीच्या लाकडाची अकरा इंची छडी देतात आणि सांगतात की, या छडीच्या गाभ्यात ज्या फिनिक्सचे पीस आहे, त्याने आणखी एकच पीस दिले होते आणि त्या दुसऱ्या पिसाच्या छडीनेच हॅरीच्या कपाळावर व्रण उमटवला. हा फिनिक्स कोणाचा, याचा उलगडा तीन वर्षांनी, २००० साली आलेल्या चौथ्या भागात होतो. नायकाची आणि खलनायक वोल्डेमॉर्टची छडी एकाच पक्ष्याच्या पिसांची, आणि तो पक्षी हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेचे मुख्याध्यापक डंबलडोर यांच्या खोलीत दांडीवर बसलेला, ही जुळणी जे. के. रोलिंग यांनी किती आधीपासून मनात धरली होती, ते यावरून दिसते.

प्रत्यक्षात फॉक्स वाचकासमोर येतो तो १९९८ सालच्या दुसऱ्या भागात, आणि तोही अगदी वाईट दिवशी. पिसे झडलेला, मलूल झालेला हा पक्षी हॅरीच्या देखत पेट घेतो आणि राखेचा ढीग होतो. आपल्या हातून मुख्याध्यापकांचा पक्षी मेला, या भीतीने हॅरी गांगरतो, तेव्हा डंबलडोर त्याला राखेतून डोके वर काढणारे सुरकुतलेले पिल्लू दाखवतात. फिनिक्स प्रचंड ओझे वाहू शकतात, त्यांच्या अश्रूंत जखमा भरून काढण्याची शक्ती असते आणि ते अत्यंत निष्ठावान असतात, अशी माहितीही ते देतात. त्याच पुस्तकाच्या शेवटी हे तिन्ही गुण कामी येतात. मात्र राखेतून उठणे, ज्यासाठी फिनिक्स जगभर ओळखला जातो, आणि हे तीन गुण यांचा इतिहास एकसारखा नाही.

सर्वांत जुना धागा इजिप्तमध्ये जातो. तिथल्या सूर्यपूजेचे केंद्र असलेल्या हेलिओपोलिस नगरीत बेनू नावाचा पवित्र पक्षी मानला जाई. चित्रांत तो बगळ्यासारखा दिसतो आणि सूर्यदेव रा याच्याशी जोडलेला असतो. ग्रीकांचा फिनिक्स यातूनच आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मात्र इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने केलेले वर्णन बगळ्याचे नाही. आपण हा पक्षी फक्त चित्रात पाहिला, असे तो प्रामाणिकपणे सांगतो. त्याने ऐकल्याप्रमाणे हा पक्षी गरुडाएवढा, लाल आणि सोनेरी पिसांचा असून दर ५०० वर्षांनी, आपला पिता मरण पावला की, तो अरबस्तानातून हेलिओपोलिसला येतो. येताना गंधरसाचा गोळा करून त्यात पित्याचे शव ठेवतो. आणि निघण्यापूर्वी, एवढे ओझे आपल्याला पेलते का, हे आधी उचलून पाहतो. लाल-सोनेरी रंग आणि ओझे वाहण्याची ताकद या फॉक्सच्या दोन खुणा इथे, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी, लिहून ठेवलेल्या आहेत.

या वर्णनात एक गोष्ट नाही, ती म्हणजे आग. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी फिनिक्सबद्दल सविस्तर लिहितो, पण त्याच्या वृत्तांतात जुन्या पक्ष्याच्या हाडांतून आधी अळी निघते आणि तिचा नवा पक्षी होतो. सम्राट क्लॉडियसच्या काळात, इसवी सन ४७ मध्ये, रोममध्ये एक फिनिक्स लोकांना दाखवण्यात आला, हेही तो नोंदवतो आणि तो बनावट होता याबद्दल कोणालाच शंका नव्हती, असे पुढे जोडतो. त्याच शतकाच्या अखेरीस मार्शल हा कवी आगीनंतर पुन्हा उभ्या राहिलेल्या रोमची तुलना ज्वाळांनी नव्या होणाऱ्या फिनिक्सच्या घरट्याशी करतो. मराठी वृत्तपत्रांत एखादे शहर, संघ किंवा संस्था फिनिक्स पक्ष्याप्रमाणे राखेतून भरारी घेते, ती या उपमेच्याच कुळातली आहे.

पुढे ख्रिस्ती लेखकांनी हा पक्षी पुनरुत्थानाचे प्रतीक म्हणून स्वीकारला. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमचा क्लेमेंट करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात फिनिक्सचा दाखला देतो. त्यानंतरच्या शतकांत ग्रीक भाषेत रचल्या गेलेल्या ‘फिजिओलोगस’ या प्राणिकथांच्या ग्रंथात फिनिक्स चक्क भारतातला पक्षी आहे. ५०० वर्षे झाली की तो लेबनॉनच्या झाडांतून सुगंधी द्रव्ये पंखांत भरून हेलिओपोलिसला जातो, तिथल्या वेदीवर स्वतःला जाळून घेतो आणि तिसऱ्या दिवशी पूर्ववत होऊन आपल्या ठिकाणी परततो. रोलिंग यांनी २००१ साली काढलेल्या जादुई प्राण्यांच्या छोट्या पुस्तिकेतही फिनिक्सची घरटी इजिप्त, भारत आणि चीनमधील पर्वतशिखरांवर असल्याचे म्हटले आहे. आपल्याकडच्या वाचकाला हा उल्लेख सौजन्यापोटी केलेला वाटू शकतो, पण फिनिक्सचे भारताशी जोडलेले नाते ‘फिजिओलोगस’इतके जुने आहे.

अश्रूंची गोष्ट वेगळी. प्राचीन वर्णनांत फिनिक्स रडून कोणाची जखम बरी करत नाही. त्याच्या राखेपासून आणि घरट्यापासून औषधे मिळतात, असे सांगणारे वैद्य मात्र प्लिनीच्या काळी होते आणि हजार वर्षांतून एकदा हाती लागणारा उपाय सुचवणे ही रोग्याची थट्टा आहे, असे त्याने त्यांना सुनावले आहे. रोलिंग यांच्या दुसऱ्या भागात या उपायाला खरे मोल येते. हॉगवर्ट्सखालच्या गुप्त तळघरात फॉक्सशी झुंजणारा बॅसिलिस्क हा सर्पही प्लिनीच्या त्याच ग्रंथात आहे. फॉक्स आधी त्याचे जीवघेणे डोळे फोडतो, मग हॅरीच्या विषारी जखमेवर अश्रू ढाळतो आणि शेवटी शेपटीला धरलेल्या चौघांना, हॅरी, त्याचा मित्र रॉन, रॉनची बहीण जिनी आणि शिक्षक लॉकहार्ट यांना, वर उचलून नेतो.

नावाचा उगम मात्र निखालस इंग्लंडचा आहे. देवनागरीत वाचताना मराठी वाचकाला कोल्हा आठवतो, पण हे नाव गाय फॉक्सचे आहे. राजा पहिला जेम्स याच्यासह इंग्लंडची संसद उडवून देण्याचा जो कट कॅथलिक बंडखोरांनी रचला, त्यात दारूगोळ्यावर पहारा देण्याचे काम त्याच्याकडे होते. ४ नोव्हेंबर १६०५ च्या मध्यरात्रीच्या सुमारास तो दारूच्या ३६ पिंपांसह पकडला गेला आणि ३१ जानेवारी १६०६ रोजी त्याला देहदंड झाला. ५ नोव्हेंबर हा दिवस कृतज्ञतेने पाळावा, असा कायदाच संसदेने केला. तो १८५९ मध्ये रद्द झाला, तरी शेकोट्या पेटवण्याची आणि त्यात गाय फॉक्सचा पुतळा जाळण्याची प्रथा टिकून राहिली. दरवर्षी जळणारा आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभा केला जाणारा हा माणूस फिनिक्सला नाव देण्यासाठी किती नेमका आहे, हे इंग्रज मुलांना सांगावे लागत नाही.

आता निष्ठेकडे यावे, कारण माझ्या मते रोलिंग यांची खरी भर इथेच आहे. जुना फिनिक्स हा जगात एकटाच असणारा पक्षी आहे. त्याला जोडीदार नाही, मालक नाही. त्याचे कर्तव्य असलेच तर ते पित्याच्या शवापुरते. माणसे त्याला पाहतात, त्याच्यावरून शकुन काढतात, पण तो कोणाच्या खांद्यावर येऊन बसत नाही. बालसाहित्यात ही दरी आधी ई. नेस्बिट यांनी कमी केली होती. त्यांच्या १९०४ सालच्या कादंबरीत गालिच्यात गुंडाळलेले अंडे शेकोटीत पडते आणि त्यातून निघालेला बोलका, मानी फिनिक्स चार-पाच मुलांचा सवंगडी होतो. फॉक्स मात्र एक शब्दही बोलत नाही. त्याचे मन त्याच्या कृतीतून आणि गाण्यातून ओळखायचे असते.

तळघरात हॅरी त्याला हाक मारत नाही. टॉम रिडल, म्हणजे तरुणपणीचा वोल्डेमॉर्ट, डंबलडोर यांना कमी लेखतो, हॅरी ठामपणे त्यांची बाजू घेतो आणि त्या क्षणी फॉक्स येतो. पुढे डंबलडोर स्वतःच हॅरीला समजावतात की, त्याने खरी निष्ठा दाखवली नसती तर फॉक्स तिथे पोहोचलाच नसता. म्हणजे निष्ठा ही पाळीव पक्ष्याची सवय राहत नाही. ती माणसानेही सिद्ध करावी लागते. याच जादुई जगावरच्या २०१८ सालच्या चित्रपटात, संकटात सापडलेल्या डंबलडोर घराण्यातील व्यक्तीकडे फिनिक्स येतो, असे सांगितले आहे. मला ही भर पटत नाही. मनाने कमावलेली गोष्ट त्यामुळे रक्ताच्या वारशाची होते, आणि ही मालिका तर पहिल्या पानापासून रक्ताच्या अभिमानाविरुद्ध उभी आहे.

२००३ सालच्या पाचव्या भागात फॉक्स डंबलडोर यांना अटकेतून सोडवून ज्वाळेत अदृश्य होतो आणि पुढे जादू मंत्रालयातील द्वंद्वात वोल्डेमॉर्टचा मृत्युशाप स्वतः गिळतो. लगेच तो पेटून खाली पडतो आणि उडताही न येणारे इवलेसे पिल्लू होतो. मरणाला भिऊन आत्म्याचे तुकडे करणारा वोल्डेमॉर्ट आणि वारंवार मरणारा हा पक्षी, दोघे तिथे समोरासमोर येतात. २००५ सालच्या सहाव्या भागात डंबलडोर मारले जातात, तेव्हा फॉक्स त्यांना परत आणू शकत नाही. त्या रात्री हॉगवर्ट्सच्या आवारात त्याचा विलाप घुमत राहतो आणि मग तो थांबतो. पक्षी कायमचा निघून गेला, हे हॅरीला न सांगता कळते. शाळा तीच, खोली तीच, पण त्याची निष्ठा त्या भिंतींशी नव्हती.

शेवटच्या भागात फॉक्स कुठेही येत नाही. त्याचे पीस मात्र आहे. हॅरीची छडी मोडते तेव्हा दोन तुकड्यांना धरून ठेवणारा तेवढाच एक नाजूक धागा उरतो. युद्ध संपल्यावर हॅरी डंबलडोर यांच्या खोलीत उभा राहून, जगातील सर्वांत बलाढ्य छडी हाती असताना, तिच्याकडून एवढेच एक काम करून घेतो. हॉलीचे लाकूड पुन्हा सांधले जाते आणि तिच्या टोकातून लाल ठिणग्या उडतात.