पार्श्वभूमी : पुण्याचा सायकल ट्रॅक

पुणे सायकलींचं शहर होतं, हे सांगून सांगून जुनं झालं. सायकलचा कर भरल्याचा बिल्ला, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं की वाजणारी पोलिसाची शिट्टी, या आठवणी घरोघरी आहेत. त्या काळी सायकलला नियम लागू होते, कारण ती वाहन मानली जायची. पुढे पिंपरी-चिंचवडकडे कारखाने वाढले, अंतरं लांबली, बसचा भरवसा राहिला नाही आणि दुचाकीनं सायकलची जागा घेतली.

‘सायकल ट्रॅक’ हा शब्द मात्र जुनाच आहे. रस्ते बांधणीची राष्ट्रीय मानकं १९६२ सालीच सांगत होती : गर्दीच्या तासाला ४०० सायकली आणि १०० ते २०० मोटारवाहनं असतील तर वेगळा ट्रॅक करावा, वाहनं २०० च्या वर गेली तर १०० सायकलींसाठीही करावा. रुंदी किमान दोन मीटर. वाहनं वाढली की सायकलस्वाराला संरक्षण जास्त लागतं, हे तेव्हाच मान्य होतं. पण मोजायच्या त्या रस्त्यावर दिसणाऱ्या सायकली. भीतीनं सायकल सोडून दिलेला कामगार किंवा मुलीला सायकलवर क्लासला पाठवायला न धजावणारी आई या मोजणीत येतच नाही. ‘वापरतंय कोण, मग जागा कशाला अडवायची?’ हा आजचा सवालही त्याच हिशेबातला आहे.

दुसरा गुंता जास्त महागात पडला : ट्रॅकसाठी जागा कुणाची घ्यायची? २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचा भर वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्यावर होता. त्याच वर्षअखेरीस सातारा रस्त्यावर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली आणि तिच्या कडेनं ट्रॅक आले. पुढे शहरात बऱ्याच ठिकाणी ते निघाले फुटपाथमधूनच. पेव्हर ब्लॉक, मध्येच झाड, विजेची डीपी पेटी, बसथांबा, उभ्या केलेल्या दुचाक्या. आणि जिथं धोका सर्वांत जास्त त्या चौकात ट्रॅक संपलेला. पादचारी आणि सायकलस्वार एकमेकांच्या वाटेत आले, मोटारींची जागा होती तेवढीच राहिली. माझ्या मते चूक नेमकी इथं झाली. वर ‘ट्रॅक दिलाय ना, मग रस्त्यावर कशाला येता?’ हे ऐकावं लागतं ते वेगळंच. खरं तर २०१७ पर्यंत लागू असलेल्या १९८९ च्या रस्ता नियमांत राखीव ट्रॅकसंबंधी मनाई होती ती मोटारचालकाला : त्यानं तिथं गाडी घालायची नाही.

डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेनं शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या सायकली आल्या. विद्यार्थ्यांनी त्या आवडीनं वापरल्या, काहींची मोडतोडही झाली, आणि थोड्याच वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. सायकल मिळाली तरी ती चालवायला सलग, सुरक्षित वाट नव्हती, हे त्या अपयशाच्या चर्चेत फार कमी बोललं गेलं.

२०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३८ (१अ) आलं. सायकलसारखी बिगरयांत्रिक वाहनं आणि पादचारी यांच्या रस्त्यावरील वावराचे नियम राज्यांनी करावेत, असा हा अधिकार. त्यातून संरक्षण मिळू शकतं, तशीच बंदीही येऊ शकते. कोलकात्यात २०१३ मध्ये, हे कलम नसतानाही, पोलिसांनी दीडशेहून अधिक रस्त्यांवर सायकलला मनाई केली होती. दूधवाले आणि फेरीवाले यांची रोजची वाट त्यामुळे बंद झाली.